पहिल्यांदा सोडून दिलेला आणि दुसऱ्यांदा आवडलेला गेम

घाटपायथा

गेल्या महिन्यात मी 'डार्क सोल्स' पूर्ण केला. हा गेम २०११ सालचा असल्यामुळे ही काही बातमी नव्हे. परंतु हाच गेम मी आठ वर्षांपूर्वी घेतला होता, तीन आठवडे रोज रात्री त्याच्याशी झटापट केली होती आणि शेवटी 'हे आपले काम नव्हे' असे म्हणून तो संगणकावरून काढून टाकला होता.

तेव्हा झाले होते असे. सुरुवातीच्या बंदिवासातून सुटल्यावर एक प्रचंड कावळा आपल्याला उचलून फायरलिंक श्राइन नावाच्या जागी आणून सोडतो. तिथे एक हताश योद्धा बसलेला असतो आणि तो सांगतो की दोन घंटा वाजवायच्या आहेत, एक वर आहे आणि एक पार खाली आहे. मी खालची निवडली आणि शेजारच्या दफनभूमीत शिरलो. तिथले सांगाडे दोन-तीन फटक्यांत माझा जीव घेत. या गेमच्या अवघडपणाची ख्याती मी इतक्या ठिकाणी वाचली होती की दर पाच मिनिटांनी मरणे हेच अपेक्षित असावे, अशी माझी प्रामाणिक समजूत झाली. वाट चुकली असेल ही शंकासुद्धा मनात आली नाही.

या वेळी कड्याला लागून वर जाणाऱ्या पायऱ्या दिसल्या. त्या पहिल्या वेळीही तिथेच होत्या. वरच्या वस्तीतले शत्रू दोन वारांत आडवे होऊ लागले आणि पाचव्या-सहाव्या दिवशी मी चर्चपर्यंत पोहोचलो. त्या चर्चजवळ एक लिफ्ट आहे. ती बराच वेळ खाली उतरत राहिली, थांबली, मी बाहेर पडलो आणि पाहतो तर काय, पुन्हा त्याच फायरलिंकच्या पडक्या भिंतींमध्ये उभा होतो. अनोळखी वाटेने घाट उतरावा आणि अचानक आपल्याच गावच्या देवळामागे निघावे, तसे काहीसे वाटले. त्या क्षणी हा गेम मला आवडला.

तुमचेही असे अनुभव असतील तर लिहावेत. विनंती एवढीच की 'नंतर आवडला' असे लिहून थांबू नये. मधल्या काळात नेमके काय बदलले, तेही सांगावे.

तिरफळ

धागा काढल्याबद्दल आभार. माझ्या बाबतीत बदलले ते चिलखत. 'डार्क सोल्स'मध्ये अंगावरचे वजन पेलण्याच्या क्षमतेच्या निम्म्याहून जास्त झाले की नायक चपळाईने कोलांटी मारण्याऐवजी धपकन आडवा पडतो आणि सावकाश उठतो. मी हौसेने मिळेल ते सगळे लोखंड अंगावर चढवून फिरत होतो आणि गेमला शिव्या देत होतो. दुसऱ्या वेळी अर्धे कपडे उतरवले आणि निम्मा गेम सोपा झाला.

उंबरा

तुमच्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य संदर्भाशिवाय कुठे उद्धृत करू नये, ही नम्र सूचना.

ओसरी

माझा गेम 'हॉलो नाइट'. ऑस्ट्रेलियातल्या ॲडिलेडमधल्या टीम चेरी या अगदी लहानशा चमूने तो २०१७ मध्ये आणला. जमिनीखालचे एक उद्ध्वस्त कीटकराज्य आणि त्यात उतरलेला एक छोटासा योद्धा, असे त्याचे स्वरूप आहे. चित्रे आणि संगीत पहिल्या दिवसापासून आवडले होते, तरीही मी तो दोनदा नव्हे, चक्क तीनदा सोडला.

कारण नकाशा. या गेममध्ये नकाशा आयता मिळत नाही. प्रत्येक नव्या भागात कॉर्निफर नावाचा नकाशाकार कुठेतरी गुणगुणत बसलेला असतो, त्याला शोधून त्याच्याकडून अर्धवट नकाशा विकत घ्यायचा असतो. आपण स्वतः हिंडलेला भाग त्यात भरला जावा यासाठी वरच्या गावातल्या त्याच्या बायकोच्या दुकानातून लेखणी घ्यावी लागते, आणि तरीही ही भर बाकावर जाऊन बसल्यावरच पडते. आपण कुठे आहोत हे दाखवणारे होकायंत्र वेगळे विकत घ्यावे लागते आणि ते वापरण्यासाठी ताईत लावायच्या मोजक्या खाचांपैकी एक खर्ची घालावी लागते.

मी तेव्हा नोकरीवरून आल्यावर, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास उरकून, रात्री वीस-पंचवीस मिनिटे खेळत असे. काल कुठून आलो आणि आज कुठे जायचे होते, हे आठवेपर्यंतच झोपेची वेळ होई. चौथ्या वेळी पाय मोडून सहा आठवडे घरी होते. सलग तीन-तीन तास मिळाले आणि काय सांगू, जो नकाशा मला छळत होता तोच आवडू लागला. हरवायला होई, भीती वाटे आणि मग दुरून कॉर्निफरचे गुणगुणणे कानावर येई, तेव्हा माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटे. तेव्हा घाटपायथा यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की गेमही तोच होता आणि मीही तीच होते; फक्त वेळेचे तुकडे मोठे झाले.

कात्री

या धाग्यावर मी विरोधी बाजू मांडू इच्छितो, राग नसावा.

ज्या वस्तूवर आपण पैसे आणि तीन आठवडे घालवले आहेत, ती आपल्याला आवडायलाच हवी असे मन आपल्याला पटवून देते. पहिल्या वेळी नावडलेले कारले दुसऱ्या वेळी गोड लागले, तर बहुधा कारले बदललेले नसते. मी 'रेड डेड रिडेम्प्शन २' तीन वेळा सुरू केला. पहिला अध्याय बर्फात आहे आणि त्यात घोड्यावरून सावकाश जाणे आणि संभाषणे ऐकणे, हेच प्रामुख्याने होते. लोक सांगतात की पुढे बर्फ संपल्यावर बघा. मी पुढे गेलो. बर्फ संपला, पण संथपणा संपला नाही. खण उघडायचा तर नायक आधी वाकणार, मग हात पुढे करणार, मग एकेक वस्तू उचलणार. तिन्ही वेळा मला ते तितकेच नकोसे झाले.

आणखी एक व्यावहारिक मुद्दा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. म्हणजे दुकानदारानेच एका अर्थाने ठरवून दिले आहे की आवड-नावड कळायला दोन तास पुरेत. जो गेम दहा तासांनी रंगतो, त्याच्या मधल्या आठ तासांचा हिशेब कोणी द्यायचा?

पायवाट

कात्री यांचा मुद्दा वाचला आणि 'डेथ स्ट्रँडिंग'विषयी लिहायलाच हवे असे वाटले, कारण तो त्यांच्या दोन तासांच्या कसोटीवर साफ नापास होईल.

हिदेओ कोजिमा यांचा हा गेम नोव्हेंबर २०१९ मध्ये आला. उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेत लोक बंकरांमध्ये कोंडून राहत आहेत आणि आपण पाठीवर खोकी बांधून त्यांच्यापर्यंत सामान पोहोचवायचे, एवढेच काम. मी शनिवार-रविवार सह्याद्रीत भटकणारा माणूस असल्यामुळे मित्राने आग्रहाने दिला. मी उंच उतरंड रचल्यासारखी खोकी पाठीवर घेऊन इतर गेमांच्या सवयीने धावत सुटलो. पहिल्याच उतारावर कोसळलो, नदीत अर्धे सामान वाहून गेले आणि मधली लांबलचक दृश्ये काही केल्या संपेनात. चार दिवसांत कंटाळलो.

२०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत किल्ले बंद, लोकल बंद, म्हणून तो पुन्हा लावला. या वेळी घाईच नव्हती. मग लक्षात आले की प्रत्यक्ष डोंगरात मी जे करतो तेच इथे करायचे आहे: जड सामान खाली, पाठीजवळ, उतारावर पाऊल आखडते, पाण्यात उतरण्याआधी त्याची खोली पाहायची, चढाआधी वाट डोळ्यांनी आखायची. तोल जाऊ लागला की कंट्रोलरची, म्हणजे हातात धरायच्या खेळयंत्राची, डावी-उजवी दोन्ही बटणे दाबून पट्टे घट्ट धरायचे. मी इतकी वर्षे सॅक पाठीवर घेऊन फिरतो आणि पहिल्या वेळी यातले काहीही मला सुचले नाही, कारण गेम म्हटला की धावायचे असते, हे डोक्यात बसले होते.

तिसऱ्या भागात मोडलेले रस्ते पुन्हा बांधता येऊ लागतात. आपल्याला न दिसणाऱ्या इतर खेळाडूंनी ठेवलेल्या शिड्या आणि पूलही आपल्या वाटेवर सापडत राहतात. एका कड्याखाली मी अडकलो होतो आणि बाजूला पाहतो तर कोण्या अनोळखी माणसाची शिडी उभी. किल्ल्यावरच्या अवघड टप्प्यावर गावकऱ्यांनी लावून ठेवलेला दोर हाती लागतो ना, अगदी तसे.

कात्री

पायवाट, लिहिले सुंदर आहे, परंतु टाळेबंदीत माणसांना भांडी घासणेसुद्धा आवडू लागले होते. हा पुरावा ग्राह्य धरता येणार नाही.

पायवाट

भांडी मीही घासली आणि ती अजूनही आवडत नाहीत. 'डेथ स्ट्रँडिंग' मात्र गेल्या पावसाळ्यात तिसऱ्यांदा खेळलो.

जुनाखेळिया

मी सहसा केवळ वाचतो, पण इथे राहवले नाही. तुमचे सगळे गेम माझ्यासाठी कालचे आहेत. माझा गेम 'प्रिन्स ऑफ पर्शिया', मूळचा, जॉर्डन मेकनर यांचा, १९८९ सालचा. नव्वदच्या दशकात महाविद्यालयाच्या संगणक कक्षात फ्लॉपीवरून तो चालत असे आणि सरांची पावले वाजली की बंद होत असे.

साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचे, ही अट. मी पहिल्या दोन पातळ्यांपलीकडे फारसा कधी गेलो नाही, कारण माझा राजपुत्र धावत जाऊन कड्यावरून खाली सुळ्यांवर पडे. त्याची धाव थांबवली तरी तो दोन पावले पुढे सरके. मला तो गेम क्रूर वाटे आणि जे मित्र पुढे जात त्यांचे हात दैवी आहेत अशी माझी धारणा होती.

त्यानंतर वीसेक वर्षांनी भाच्याला जुने गेम दाखवावेत म्हणून तो पुन्हा लावला. भाच्याने कुठेतरी आधी वाचून ठेवले होते. तो म्हणाला, 'मामा, शिफ्ट दाबून चाला ना.' शिफ्टची कळ दाबून ठेवली की राजपुत्र एकेक पाऊल जपून टाकतो, कड्यापाशी येऊन थांबतो आणि सुळ्यांच्या मधूनही सुखरूप जातो. कड्याला लोंबकळून राहायचे तरी तीच कळ. माझ्या राजपुत्राला हळू चालता येत होते, हे मला वीस वर्षे माहीतच नव्हते! फ्लॉपीसोबत माहितीपुस्तिका कधी मिळाली नाही, कारण ती फ्लॉपी कुठून आली हे विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती.

त्या दिवाळीत आम्ही मामा-भाच्यांनी तो पूर्ण केला. बाराव्या पातळीवर स्वतःचीच सावली तलवार घेऊन समोर येते. तिला मारलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. तिथे तलवार म्यान करायची असते, हे मात्र भाच्याला ठाऊक नव्हते आणि मला सुचले, याचा अभिमान मी अजून बाळगून आहे.

निमूट

जुनाखेळिया यांना दिलासा म्हणून एक कबुली देते. विंडोजमधल्या 'माइनस्वीपर'मध्ये चौकोनांवर जे आकडे येतात, ते भोवतालच्या आठ घरांत किती सुरुंग आहेत हे सांगतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळले. शाळेत असताना मी तो निव्वळ नशिबाचा खेळ समजून कुठेही टिचकी मारत असे आणि आकडे म्हणजे गुण मिळाले असे समजून खूश होत असे.

उंबरा

निमूट, तुम्ही एकट्या नाही. आमच्या घरी चौघे जण याच पद्धतीने खेळत असू आणि तिसऱ्या टिचकीला जो जगला तो त्या दिवसाचा विजेता ठरे.

निमूट

आता मात्र सोळा गुणिले तीस घरांची, नव्याण्णव सुरुंगांची मोठी पातळी सोडवते. जेवणाच्या सुट्टीत यापरता आनंद नाही.

पेठकर

अवांतर होण्याआधी एक भेद करावासा वाटतो. आतापर्यंतच्या प्रतिसादांत गेम तसाच राहिला आणि खेळणाऱ्याला काहीतरी उमगले. परंतु काही गेम दुसऱ्या वेळी आवडतात कारण ते खरोखरच बदललेले असतात. 'नो मॅन्स स्काय' ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा घोर अपेक्षाभंगाचे उदाहरण म्हणून त्याचे नाव घेतले जाई. जुलै २०१८ च्या मोठ्या अद्यतनानंतर मित्रांसह खेळणे, कुठेही तळ बांधणे वगैरे गोष्टींमुळे त्याचे रूप पालटले. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये प्रकाशित झाला आणि त्याच महिन्यात प्लेस्टेशनच्या दुकानातून काढला गेला, तो तिथे जून २०२१ मध्ये परतला. सप्टेंबर २०२३ मधल्या २.० आवृत्तीत त्याची कौशल्यांची रचना नव्याने मांडली गेली.

सर्वांत नाट्यमय उदाहरण 'फायनल फँटसी १४'चे. २०१० मध्ये आलेला हा ऑनलाइन गेम इतका फसला की नाओकी योशिदा यांच्याकडे त्याची धुरा सोपवली गेली. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये जुने जग बंद करण्यात आले, तेही कथेत आकाशातला एक चंद्र त्या जगावर कोसळतो असे दाखवून. ऑगस्ट २०१३ मध्ये तो नव्याने बांधून परत आणला गेला. इथे दुसरा प्रयत्न खेळाडूचा नव्हे, कंपनीचा आहे. असे गेम या धाग्यात धरायचे का?

घाटपायथा

पेठकर, भेद अगदी मान्य आहे आणि मूळ लेखात तो मीच करायला हवा होता. धरायला हरकत नाही, परंतु मला कुतूहल आहे ते पहिल्या प्रकाराचे. भिंत पाडून दार केले तर कोणीही आत जाईल. दार आधीपासून होते आणि आपल्याला दिसले नाही, हे जास्त मजेशीर वाटते.

तिरफळ

आणि तिसरा प्रकार शरीराचा. 'हाफ-लाइफ २' मला वीस मिनिटांत मळमळून आणत असे, विशेषतः होडीचा भाग. घाटातल्या एसटीत मागच्या बाकावर बसल्यासारखे होई. मला वाटे, नायकाच्या डोळ्यांतून दिसणारे गेम आपल्या प्रकृतीला मानवत नाहीत. पुढे एका सहकाऱ्याने दृष्टीचा कोन पंचाहत्तर अंशांवरून नव्वद करून दिला आणि पडद्यापासून खुर्ची हातभर मागे ओढायला लावली. एवढ्यावर भागले. जवळच्या पडद्यावर अरुंद चौकटीतले जग गरकन फिरू लागले की डोळे सांगतात आपण हललो आणि कान सांगतात आपण बसलो आहोत. या भांडणात पोट मध्ये पडते.

मध्यलय

'राजी'चा उल्लेख अजून कसा आला नाही? पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा हा गेम २०२० मध्ये आला. राजी ही मुलगी असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या भावाला शोधत निघते आणि तिची कथा दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत आपल्याला सांगतात. पहिल्या वेळी मी कीबोर्डवर खेळले. उड्या चुकत, वार भलतीकडे जात, आणि त्या वैतागात निवेदनाकडे लक्षच राहिले नाही. नंतर कंट्रोलर घेऊन बसले तेव्हा हात आपोआप चालू लागले आणि कान मोकळे झाले. मग भिंतींवरची चित्रे पाहत थांबू लागले. कॅमेरा जिथे स्वतःच्या मर्जीने फिरतो, तिथे अजूनही उडी चुकते, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

पेठकर

कंट्रोलरचा मुद्दा अनेकांच्या बाबतीत खरा असणार. माझे मात्र नेमके उलटे झाले. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' हा राज्य चालवायचा गेम ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशी सुरू होतो आणि दख्खनच्या इतिहासाची आवड असल्यामुळे मी उत्साहाने बहामनी सल्तनत निवडून विजयनगरावर चाल केली. वर्षे भराभर सरत होती, कर्जे वाढत होती, बंडे होत होती आणि मला काहीही कळत नव्हते. दुसऱ्या वेळी शिकलेली गोष्ट एकच: स्पेसबार. तो दाबला की काळ थांबतो. काळ थांबवून प्रत्येक आकड्यावर माउस नेला की तो आकडा कशाकशाचा मिळून झाला आहे, ते गेम स्वतःच सांगतो. मी मात्र तो क्रिकेटच्या गेमसारखा चालू ठेवून खेळत होतो.

ओसरी

म्हणजे राजपुत्राने हळू चालायचे, पायवाट यांनी धावायचे नाही आणि पेठकरांनी काळच थांबवायचा. आमच्या आजीचे 'जरा दमानं घ्या' सगळीकडे लागू पडलेले दिसते.

कात्री

ओसरी यांचे निरीक्षण चांगले आहे आणि इतके प्रतिसाद वाचल्यावर मला माझे म्हणणे थोडे दुरुस्त करावेसे वाटते. तुमच्यापैकी बहुतेकांना एखादी ठोस गोष्ट ठाऊक नव्हती: शिफ्टची कळ, पायऱ्या, वजन, स्पेसबार. ती कळल्यावर गेम आवडला, हे मी समजू शकतो. त्याला मनाची समजूत घालणे म्हणता येणार नाही. 'रेड डेड'मध्ये मात्र मला काहीही कळायचे राहिलेले नव्हते. मला तो पूर्ण कळला आणि तरीही आवडला नाही. तेव्हा कारले ते कारलेच, पण प्रत्येक हिरवी भाजी कारले नसते, इथपर्यंत मी यायला तयार आहे.

परंतु एक तक्रार कायम आहे. ही ठोस गोष्ट गेमनेच आधी का सांगू नये?

पायवाट

कारण काही गेमांत ती शोधणे हाच गेम असतो. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे 'आउटर वाइल्ड्स'. तुम्ही एका चिमुकल्या सूर्यमालेतले अंतराळवीर आहात. बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सगळे संपते आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीच्या शेकोटीपाशी जागे होता. यानात नवे शस्त्र मिळत नाही, ताकद वाढत नाही. पहिल्या वेळी मी प्रत्येक स्फोटाला माझा पराभव समजलो आणि पाच-सहा फेऱ्यांत वैतागून सोडून दिले. दुसऱ्या वेळी यानातल्या नोंदवहीकडे लक्ष गेले. तुम्ही मेलात तरी त्यातले धागेदोरे पुसले जात नाहीत. पुढे गेलेले असते ते तुमचे ज्ञान, बाकी सगळे जिथल्या तिथे. याहून जास्त लिहिले तर तुमचा गेम नासवल्याचे पाप लागेल.

मध्यलय

पायवाट यांना दुजोरा. कात्री, कृपया याविषयी महाजालावर काहीही शोधू नका, चित्रफिती पाहू नका, खेळायला बसा. तुमच्यासारख्या चिकित्सक माणसासाठीच तो केला आहे.

उंबरा

कात्री यांनी हा गेम घेतल्यास आणि दोन तासांच्या आत परत केल्यास त्यांनी तसे इथे जाहीर करावे, असा ठराव मी मांडतो.

निमूट

अनुमोदन.

कात्री

ठराव मान्य. आज सायंकाळी 'आउटर वाइल्ड्स' विकत घेतला आहे. रात्री कळवतो.

घाटपायथा

कात्री, एकच विनंती: मी दफनभूमीत केली ती चूक करू नका. फार अवघड वाटू लागले, तर दुसऱ्या ग्रहावर जा.

कात्री

प्रगती कळवण्याचे कबूल केले होते म्हणून लिहितो. चार वेळा सूर्याचा स्फोट झाला. एकदा यान स्वतःच्याच गावावर आदळले. एकदा मी अंतराळपोशाख न घालता दार उघडून बाहेर पडलो. एका ग्रहाची जमीन पायाखालून तुटून आत पडते आहे आणि आत काय आहे ते मला अजून नीट पाहता आलेले नाही. मला हा गेम आवडला आहे, असे मी मुळीच म्हणत नाही.

स्टीमवर खेळलेला वेळ एक तास अडतीस मिनिटे दिसतो आहे. म्हणजे पैसे परत मागण्यासाठी बावीस मिनिटे उरली आहेत.

पायवाट

बरोबर एक फेरी.

उंबरा

कात्री, अर्धा तास झाला. आहात का?